चौथा स्क्रू

"हलू नका," मुलाणी म्हणाला. "श्वास घेतला तर चालंल, पाय तेवढा हलवू नका."

कुर्डुवाडीत स्टेशनच्या मागं पत्र्याच्या खोलीत त्याचं एक्स-रेचं दुकान होतं. मे महिना. डोक्यावर पत्रा भाजत होता आणि मी डावा पाय त्याच्या टेबलावर टाकून पडलो होतो. घोट्याच्या आतल्या बाजूला बोराएवढं टेंगूळ आलं होतं. लालभडक. धोतराचा सोगा लागला तरी डोळ्यातनं पाणी यायचं.

फोटो काढून झाला. मुलाणीनं फिल्म उजेडावर धरली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"किती स्क्रू घातले होते म्हणलात?"

"सळी एक. स्क्रू चार. दोन गुडघ्याखाली, दोन घोट्यावर."

"तिघं घरात आहेत. चौथा निघालाय गावाला."

मी उठून बसलो. त्यानं बोट ठेवून दाखवलं. हाडाच्या मधोमध पांढरीशुभ्र सळी, आणि खाली एक स्क्रू हाड सोडून चांगला बाहेर आलेला. बसमधनं कुणीतरी खिडकीतनं मुंडकं काढावं तसा.

"ह्याला आता नुसत्या कातडीनं धरलंय," मुलाणी म्हणाला. "चार-सहा दिवसांत ती फुटंल. मग घाण आत जाती, सळीपर्यंत. हाड नासायला लागतं. आणि मग..." त्यानं तळहात आडवा करून स्वतःच्या गुडघ्याखाली धरला आणि करवतीसारखा दोनदा फिरवला. "कुणी केलंय हो हे? ह्या माणसाच्या हातात दाढीचं पातंसुद्धा देऊ नये."

"बार्शीच्या डॉक्टर गव्हाण्यांनी."

मुलाण्याचा चष्मा आपोआप नाकावर आला.

"तसं... अँगलमुळं पण कधीकधी असं दिसतं."

"आत्ता तर तुम्ही म्हणलात, हाड नासतं!"

"भाऊ, त्यांच्या चिठ्ठीवर रोज माझ्याकडं पाच-सहा पेशंट येतात. लेकरंबाळं आहेत मला." त्यानं कात्री घेतली आणि फिल्मच्या कोपऱ्यातलं त्याच्या दुकानाचं नाव कापून टाकलं. "हा फोटो तुम्ही कुठं काढला, मला ठाऊक नाही. गव्हाणे डॉक्टर तुमच्या वळखीचे आहेत काय?"

"दाजी आहेत. धाकट्या बहिणीचे मालक."

"मग तर तुम्ही इथं आलाच नव्हता," मुलाणी म्हणाला, आणि मला मागच्या दारानं बाहेर काढलं.

मी मोडनिंबचा वैजिनाथ सुर्वसे. मंडपवाला. शिडी, बांबू आणि झालर ह्यात माझं आयुष्य गेलं. आणि माझा पाय मोडला तोही दाजींच्याच दारात, दाजींच्याच दवाखान्याच्या उद्घाटनाला.

दसऱ्याचा मुहूर्त होता. फाटकावर मी कमान उभी केली होती आणि वर चढून शेवटची झालर बांधत होतो. खाली दाजी नवीन कोट घालून, फोटोवाल्याच्या खांद्याला खांदा लावून उभे. आमदारांची गाडी वळणावर दिसली.

"ती शिडी काढा आधी!" दाजी ओरडले. "फोटोत येतीय!"

दोघांनी शिडी उचलली आणि पळवली. शिडी फोटोत येत होती, मी येत नव्हतो, त्यामुळं माझा विचार करायचं कुणाला कारण नव्हतं. मी गाठ मारली आणि सवयीनं खाली पाय टाकला. तिथं फक्त दसरा होता.

आमदारांनी फीत कापली आणि त्यांच्या मागोमाग मला स्ट्रेचरवरनं रांगोळी पुसत आत नेलं. सकाळीच यंत्रांची पूजा झाली होती. ड्रिल मशीनला झेंडूची माळ होती. दाजींनी ती माळ काढून खुंटीला अडकवली आणि त्या मशीनचं पहिलं भोक माझ्या नडगीला पाडलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनचा एक्स-रे फ्रेम करून दवाखान्याच्या दर्शनी भिंतीला लावला. खाली लिहिलं, 'आमचे पहिले यशस्वी रुग्ण.' आमच्या घराण्यात भिंतीवर लागलेला मी पहिलाच, तो पण गुडघ्यापासून खाली.

त्याला आठ महिने झाले. पाय दुखायचा थांबत नव्हता.

"दाजी, घोट्यापाशी टोचतंय."

"टोचणारच. लोखंड आहे ते, कापूस नाही."

"दाजी, टेंगूळ आलंय."

"हाड भरतंय. चांगलं लक्षण आहे."

तिसऱ्या महिन्यात त्यांनी एकदा फोटो काढला होता. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली, "फर्स्ट क्लास!" म्हणाले आणि मी डोळे बारीक करेपर्यंत पाकिटात घातली. मी दुसऱ्या डॉक्टरकडं जाऊ शकत नव्हतो. घरात डॉक्टर जावई असताना बाहेर पाय दाखवायचा म्हणजे त्यांच्या तोंडाला काळं फासण्यासारखं. हे मला आईनं इतक्या वेळा सांगितलं होतं, की कुर्डुवाडीला एक्स-रे काढायला मी पोत्याच्या गाडीतनं, तोंडाला उपरणं बांधून गेलो. लोक बाई ठेवायला असे जात असतील.

घरी आलो तेव्हा आई अंगणात परात घासत होती. धोंड्याचा महिना चालू होता. तीन वर्षांनी येतो, आणि त्या महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, आणि जावयाचे पाय धुवायचे. पाय धुवायचं काम सासऱ्याचं. आमचा बाप, अण्णा, वारल्यानंतरचा हा पहिलाच धोंडा, म्हणून ते काम आलं माझ्याकडं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी येणार होते.

मी फिल्म आईपुढं धरली.

"हे बघ. स्क्रू बाहेर आलाय. मुलाणी म्हणाला, पाय जाईल."

आईनं बघितलं नाही. माझ्या बायकोनं, जिजानं, बघितलं. ती पदराला हात पुसत चुलीपासनं उठून आली होती.

"उद्या तोंडावर विचारा तुमच्या दाजींना," जिजा म्हणाली. "ताट वाढायच्या आधी विचारा."

"कुणी काही विचारायचं नाही," आई म्हणाली. "उद्याचा दिस जाऊ दे. परवा काय ते बोल."

"आई, हाड नासतंय!"

"एका दिवसात काय नासतंय? आंबा हाय का?"

"माझा पाय हाय!"

"आणि माझी लेक तिथं नांदतीय. पोरगी नांदवायची म्हणजे सोपं हाय का? डॉक्टर माणूस हाय. हजार पोरी हुत्या त्याला. वैजू, माझ्या गळ्याची आण हाय, उद्या एक शबूद काढलास तर." तिनं माझ्या हातातनं फिल्म घेतली, कपाटात ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोवली. मग परत राख घेऊन परात घासायला बसली. ती परात एवढी घासली, की तिच्यात माझं तोंड दिसत होतं. रागानं सुजलेलं.

सकाळी दहाला गाडी आली. दाजी उतरले, पांढरा कुर्ता, गॉगल. कुंदा मागनं उतरली. माझी धाकटी बहीण. लहानपणी माझ्या पाठीवर बसून बाजारात फिरलेली. तिनं माझ्या पायाकडं एकदा बघितलं आणि पटकन नजर वळवून जिजाला मिठी मारली. ह्या आठ महिन्यांत ती एकदाही माहेरी आली नव्हती. फोनवर "पाय कसा आहे दादा?" विचारायची आणि मी सांगायला लागलो की रेंज जायची.

"काय वैजिनाथराव!" दाजी म्हणाले. "अजून काठी? टाकून द्या ती. काठी हा मनाचा आजार आहे."

मी आईकडं बघितलं. आईनं गळ्याला हात लावून दाखवला.

बैठकीत खुर्ची मांडली होती. पुढं परात, तांब्यात कोमट पाणी, बाजूला नवा टॉवेल. आमच्याकडं हे काम उकिडवं बसूनच करायचं, वाकून नाही. नडगीत सळी असलेल्या माणसाला उकिडवं बसायला सांगणं म्हणजे काय, ते सळी असल्याशिवाय कळत नाही. मी जिजाच्या खांद्याला धरून एकेक इंच खाली गेलो. घोट्यातला स्क्रू आतनं कातडीला ढुशा देत होता.

"वा वा वा!" दाजी एकदम खूश झाले. "कुंदा, मोबाइल काढ. शूटिंग घे. आठ महिन्यांत पेशंट उकिडवा! हे टाकू आपण दवाखान्याच्या पेजवर. वैजिनाथराव, जरा हसा."

"हसतोय," मी म्हणालो.

"दात दिसू द्या."

मी दात दाखवले. चावायच्या आधी दाखवतात तसे.

दाजींनी दोन्ही पाय परातीत ठेवले. गोरे, मऊ, नखं कापलेले पाय. मी उजवा धुतला. त्यावर हळदीकुंकू लावलं. आई हात जोडून उभी होती आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं. ते माझ्यासाठी नव्हतं. मी दाजींचा डावा पाय हातात घेतला आणि टॉवेल घ्यायला बाजूला वळलो.

आत काहीतरी फाटलं. आधी कळ आली, मग घोट्यावरनं गरम गरम ओघळ आला, आणि मग परातीत आवाज झाला.

टण्ण.

"जोडवं पडलं का गं जिजा तुझं?" आई म्हणाली.

मी पाण्यात हात घातला आणि दोन बोटांत धरून वर काढला. दीड इंचाचा स्क्रू. चकचकीत. पाणी हळूहळू गुलाबी होत चाललं होतं आणि दाजींचे पाय त्यातच होते. सगळ्यात आधी दाजींनी काय केलं असेल? पाय वर घेतले.

"हा आपला नाही," ते म्हणाले.

"काय?"

"हा स्क्रू आपला नाही. आपण असला वापरत नाही."

"मग कुणाचा हाय? माझ्या पायात अजून कोण कोण येऊन गेलंय?"

"तुम्ही शिडीवर चढला असणार. मी नको म्हणलं होतं."

"कुठल्या शिडीवर? तुम्ही काढून घेतली त्या?"

"वैजू!" आई ओरडली. "माझ्या गळ्याची..."

"आई, बघ तरी! रक्त बघ!"

आईनं बघितलं. खरंच बघितलं, परातीत वाकून. आणि म्हणाली, "ते पाणी बदल, पण डावा पाय तेवढा धू. एक पाय धुऊन सोडू नये."

मी आजपर्यंत कुणाला मारलेलं नाही. त्या क्षणी माझ्या हातात परात होती, एवढंच सांगतो. जिजानं ती माझ्या हातातनं सोडवून घेतली आणि टॉवेल, तो दाजींसाठी आणलेला नवाकोरा टॉवेल, माझ्या घोट्याला गुंडाळला.

"इतकं घाबरायचं कारण नाही," दाजी म्हणाले. त्यांचा डॉक्टरकीचा आवाज परत आला होता. "सॉफ्ट टिशू आहे. हळद दाबून बांधा. जेवण करू, मग दुपारी बार्शीला चला माझ्याबरोबर. पाच मिनिटांचं काम आहे, परत बसवून टाकतो." असं म्हणून त्यांनी माझ्या बोटातला स्क्रू घेतला, कुर्त्याला पुसला आणि खिशात टाकला. "उकळून घेतो."

"खिशातनं काढा तो," कुंदा म्हणाली.

मोबाइल अजून तिच्या हातात होता. शूटिंग चालूच होतं.

"काय?"

"स्क्रू. काढा बाहेर."

"कुंदा, ते बंद कर आधी. डिलीट कर."

कुंदानं मोबाइल बंद केला, ब्लाउजमध्ये ठेवला, पुढं आली आणि नवऱ्याच्या खिशात हात घातला. एका खिशात स्क्रू लागला, दुसऱ्या खिशात गाडीची किल्ली. दोन्ही घेतलं.

"वहिनी, दादाला धरा. सोलापूरला न्यायचंय."

"कुंदा!" दाजी खुर्चीत उभे राहिले. खुर्चीसमोर नाही, खुर्चीत. खाली पाणी होतं. "मी इथं बसलोय! अजून माझं औक्षण व्हायचंय!"

"आरसा आहे भिंतीला," कुंदा म्हणाली. "घ्या करून."

तिला गाडी चालवता येते, हे मला त्या दिवशी कळलं. मागच्या सीटवर जिजा, तिच्या मांडीवर माझा पाय. पुढं आई येऊन बसली. मला वाटलं, माझ्या पायासाठी बसली. घरात मागं एकटे दाजी राहिले, एक पाय धुतलेला, एक न धुतलेला, आणि समोर तेहतीस अनारसे.

सोलापूरपर्यंत मी तोंड बंद केलं नाही. "मी ह्याला कोर्टात खेचतो," मी म्हणालो. "पेपरात देतो. त्या दवाखान्यासमोर मंडप टाकून बसतो, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी मंडप टाकतो. सगळ्या बार्शीला सांगतो, कुणी केलं ते!" हायवेवरचे ट्रकवाले मान वळवून बघत होते. कुंदा समोर बघून गाडी पळवत होती. आई अधूनमधून म्हणत होती, "हळू बोल, गाडी त्यांचीच हाय."

सोलापूरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता, नुकतंच मिसरूड फुटल्यासारखा दिसणारा. त्यानं टॉवेल सोडला, वास घेतला आणि नर्सला म्हणाला, "थिएटर रिकामं करा." मग माझ्याकडं वळला.

"आज आलात म्हणून बोलू शकतोय आपण. आत पू आहे. सळी काढावी लागेल, हाड धुवावं लागेल, एकदा नाही, दोन-तीनदा. पाय वाचवायचा प्रयत्न करू." कागद पुढं ओढला. "आधीचं ऑपरेशन कुणी केलं?"

साठ किलोमीटर मी हेच ओरडत आलो होतो. समोर माणूस पेन घेऊन बसला होता. आईनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

"बाहेरगावी झालं," मी म्हणालो.

"कुठं?"

"असंच. लांब. आठवत नाही."

आज मी शिडीवर चढतो. तीन ऑपरेशनं झाली, पाय राहिला, अर्धा इंच आखूड आहे, चपलेत जाड तळवा घालतो. दाजींवरचा राग मला अजून तोंडपाठ आहे. पण रात्री कधी मधनंच जाग आली तर हे दोन शब्दच ऐकू येतात, 'बाहेरगावी झालं'. माझ्या स्वतःच्या आवाजात.

"डॉक्टर प्रताप गव्हाणे, बार्शी," माझ्या मागं उभी असलेली कुंदा त्या डॉक्टरला म्हणाली. "माझे मिस्टर. लिहा."

डॉक्टरनं पेन थांबवून तिच्याकडं बघितलं. तिनं पर्सची चेन उघडली. आतनं चार घड्या पडलेली एक फिल्म काढली आणि स्क्रूच्या शेजारी टेबलावर पसरली. "हा तिसऱ्या महिन्यातला फोटो. स्क्रू तेव्हाच सरकलेला होता. त्यांनी दादाला दाखवला तो भिंतीवरचा जुना. फ्रेममधनं काढून दाखवला आणि परत लावला. हा खरा. त्यांनी फाडायला दिला होता माझ्याकडं."

डॉक्टर फिल्म घेऊन आत गेला. मी कुंदाकडं बघत राहिलो.

"तिसऱ्या महिन्यात?"

"हो."

"पाच महिने ही पर्समध्ये घेऊन फिरतीयेस?"

"दादा, मी सांगितलं होतं रे. मी त्याच आठवड्यात सांगितलं होतं."

"कुणाला? मला तर कधी—"

कुंदानं पर्सची चेन लावली. जिजा माझ्याकडं बघत नव्हती. ती बाकाकडं बघत होती, आई बसली होती तिथं.

"आईला सांगितलं, फोनवर," कुंदा म्हणाली. "आई म्हणाली, अण्णा गेल्यानंतरचा पहिला धोंडा आहे. जावई रुसून बसायला नको. तेवढा महिना पार पडू दे, मग सांगू."

म्हणजे काल मी फिल्म दाखवली तेव्हा आईनं बघितली नव्हती, कारण बघायची गरजच नव्हती. तिला पाच महिन्यांपासनं माहीत होतं. मी रोज रात्री तिच्या शेजारच्या खाटेवर कण्हत होतो आणि ती उठून मला तेल चोळत होती. स्क्रूवरनं. आणि दिवस मोजत होती, अधिक महिना लागायचे.

"आई," मी म्हणालो. "खरं?"

आईनं कमरेची किल्ली चाचपली. मला स्ट्रेचरवर घेतलं. वॉर्डबॉय ढकलायला लागला. जिजा बरोबर चालत होती. आई पण बाकावरनं उठली, स्ट्रेचरची दांडी धरून पाच-सात पावलं आली. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, आता म्हणेल. काहीही म्हणेल. चुकलं म्हणेल, नाही तर शिवी देईल, नाही तर नुसतं वैजू म्हणेल.

"कुंदे," ती मागं वळून म्हणाली, "जावईबापू तसंच उपाशी असतील गं. घरात वाढायला कोण न्हाई. एक फोन तर लाव."

मी स्ट्रेचरवर उठून बसलो. वॉर्डबॉयनं खांदे दाबले, तरी बसलो. सगळा कॉरिडॉर थांबला असेल एवढ्या मोठ्यानं मी ओरडलो.

"आई! पाय इकडं हाय! इकडं!"

तिनं मान वळवली. बघायला लागली. पण तोवर नर्सनं पायावर हिरवं कापड टाकलं होतं.